भूमिका कोणाला द्यायची?

[दृश्य: रात्र, पेटलेल्या इमारती, ज्वाळांसमोरून धावणारी घोडागाडी]

10 डिसेंबर 1938. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत एका स्टुडिओच्या आवारात जुने सेट पेटवून दिलेत. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातलं अटलांटा शहर जळतंय. घोडागाडीत नायिका बसली आहे, पण कॅमेरा तिच्या जवळ जात नाही. जाणार कसा? ती बदली कलाकार आहे. खरी नायिका अजून ठरलेलीच नाही!

दोन वर्षं शोध चालला होता, शेकडो मुली पारखून झाल्या होत्या. त्याच रात्री निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्यासमोर त्यांचा भाऊ, एजंट मायरन, एका इंग्लिश अभिनेत्रीला घेऊन आला. ती विवियन ली. हा शोध जितका खरा होता, तितकाच जाहिरातीचाही होता, हे सांगून टाकलेलं बरं.

[दृश्य: स्टुडिओचं फाटक, नट-नट्यांच्या छायाचित्रांच्या रांगा]

एरवी त्या काळच्या हॉलिवूडला इतकी शोधाशोध करावी लागत नसे. नट-नट्या सात-सात वर्षांच्या करारावर बांधलेल्या. कास्टिंग म्हणजे पात्रनिवड. त्या विभागानं यादी काढायची, कोण मोकळं आहे बघायचं आणि सेटवर पाठवून द्यायचं. एकदा खलनायक म्हणून शिक्का बसला की बसला.

युद्धानंतरच्या इटलीत मात्र उलटाच प्रकार. ‘बायसिकल थीव्ह्ज’साठी पैसे मिळत होते, अट एकच: नायक म्हणून हॉलिवूडचा तारा कॅरी ग्रँट घ्यायचा. दिग्दर्शक व्हित्तोरिओ द सिका यांनी नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराला उभं केलं. 1948 सालचा हा चित्रपट. माज्जोरानींची चाल बघा, खांदे बघा. काम गमावण्याची धास्ती त्या अंगात मुरलेली दिसते. पुढे माज्जोरानींची कारखान्यातली नोकरी गेली आणि सिनेमातही फारसं काही हाती लागलं नाही. रस्त्यावरचा चेहरा उचलण्याचं कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो.

[दृश्य: न्यूयॉर्कचे रस्ते, नाट्यगृहाच्या पाट्या, टेबलावर पसरलेली कार्डं]

हॉलिवूडचे करार सैल होत गेले, तसा हा पात्रनिवडीचा धंदा न्यूयॉर्कमध्ये नव्यानं घडला. तो घडवणाऱ्यांत पहिलं नाव मॅरियन डॉगर्टी यांचं. टीव्हीवर थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांसाठी त्यांना सतत माणसं लागायची. मग नाटकं बघत हिंडायचं, कोण कसा वाटला ते कार्डावर टिपायचं. जेम्स डीन, वॉरन बेटी यांना सुरुवातीची कामं त्यांनी दिली.

त्यांची पारख समजून घ्यायला नट जॉन व्हॉइट यांचा किस्सा पुरे. ‘नेकेड सिटी’ या मालिकेत डॉगर्टींनी त्यांना काम दिलं आणि व्हॉइटनी साफ माती खाल्ली. दुसऱ्या कोणी नाव कायमचं खोडलं असतं. डॉगर्टींनी लक्षात ठेवलं ते वेगळंच: याच्यात काहीतरी आहे, भूमिका चुकली. पुढे ‘मिडनाइट काउबॉय’साठी त्यांनीच व्हॉइटचं नाव लावून धरलं. 1969 च्या त्या चित्रपटानं व्हॉइटला ऑस्करचं नामांकन मिळालं. श्रेयनामावलीत डॉगर्टींचं नाव नाही.

‘लीथल वेपन’ या चित्रपटाच्या वेळी त्यांनी नट डॅनी ग्लोव्हर सुचवले, तेव्हा दिग्दर्शक रिचर्ड डॉनर चमकले: तो तर कृष्णवर्णीय! पटकथेत त्या पात्राच्या वर्णाबद्दल अक्षरही नव्हतं. डॉनर यांनी स्वतःच हे नंतर कबूल केलं.

[दृश्य: रिकामी खोली, एक खुर्ची, तिकाटण्यावर कॅमेरा]

ऑडिशनच्या खोलीत नेमकं काय बघतात? पाठांतर नाही. हातात दोन पानं दिलेली असतात. समोरचा माणूस सपाट आवाजात क्यू देतो, म्हणजे आधीचं वाक्य म्हणतो. पहिला टेक घरून ठरवून आणलेला असतो, तो बहुतेकांचा बरा होतो. मग सूचना येते: ‘आता हेच वाक्य माफी मागितल्यासारखं म्हणा.’ इथे खरी परीक्षा. काही जण फक्त आवाज खाली आणतात, काहींचं ऐकणंच बदलतं. त्यांना परत बोलावणं येतं. मग जोडीची चाचणी. एकेकटे उत्तम वाटलेले दोघं समोरासमोर आले की कधीकधी दृश्य जागीच बसतं.

आणि एका वाक्याची भूमिका? माझ्या मते ती भरणं सर्वांत अवघड. दार उघडून ‘साहेब बाहेर गेलेत’ एवढंच म्हणायचंय. माणूस खरा वाटला पाहिजे, आणि प्रेक्षकानं त्याच्यात अडकूनही चालणार नाही. आता सेल्फ-टेपमुळे, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवलेल्या ऑडिशनमुळे, दूरवरचा नटही पोचतो, फायदाच आहे. पण रेकॉर्ड झालेल्या चेहऱ्याला ती दुसरी सूचना देता येत नाही.

[दृश्य: श्रेयनामावली वर सरकते]

श्रेयाचं भांडण जुनं. 1968 च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये पात्रनिवड करणारे लिन स्टॉलमास्टर यांना पडद्यावर स्वतंत्र पाटी मिळाली, तेव्हा ती नवलाई होती. पात्रनिवड करणाऱ्याला ‘कास्टिंग डिरेक्टर’ म्हणायलाही विरोध: ‘डिरेक्टर’ हा शब्द दुसऱ्या कोणाच्या नावापुढे लागू नये, असा अमेरिकी दिग्दर्शकांच्या संघटनेचा हट्ट. डॉगर्टींना मानद ऑस्कर द्यावा म्हणून 1991 मध्ये मोहीम झाली, ती फसली. 2011 मध्ये त्या गेल्या. स्टॉलमास्टर यांना मानद ऑस्कर मिळाला तो 2016 मध्ये. पात्रनिवडीचा स्वतंत्र ऑस्कर सुरू झाला 2025 सालच्या चित्रपटांपासून. टीव्हीच्या एमी पुरस्कारांत हा विभाग त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.