सीडी४ची सैल पकड

टी पेशी या रोगप्रतिकारक पेशीचा मुख्य ग्राही, म्हणजे टीसीआर, समोरच्या पेशीनं एमएचसी या पृष्ठभागावरच्या रेणूच्या खाचेत धरलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, ओळखतो. मदतनीस टी पेशींवरचं सीडी४ हे प्रथिन त्या पेप्टाइडकडे ढुंकूनही पाहत नाही. ते त्याच एमएचसी वर्ग-२ रेणूला खाली, पेशीपटलाजवळच्या भागात टेकतं. म्हणून ते सहग्राही.

साखळी एकच, वजन सुमारे ५५ किलोडाल्टन. पेशीबाहेर इम्युनोग्लोब्युलिनच्या धर्तीच्या चार घड्या, डी१ ते डी४; मग पटलातून आरपार जाणारा तुकडा आणि आत चाळीसेक अमिनो आम्लांचं शेपूट. एमएचसीला टेकते ती टोकाची डी१. खरं काम मात्र शेपटाचं. तिथली दोन सिस्टीन (एक अमिनो आम्ल) आणि एलसीके या कायनेजची (फॉस्फेट लावणाऱ्या विकराची) दोन सिस्टीन मिळून जस्ताचा एकच आयन धरतात आणि एलसीके तिथे अडकून राहतं. सीडी४ एमएचसीला टेकलं की एलसीके आपोआप टीसीआरशेजारी पोहोचतं आणि टीसीआरला जोडलेल्या सीडी३ साखळ्यांवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतं. त्यावर झॅप-७० हे पुढचं कायनेज येऊन बसतं आणि संदेश पुढे सरकतो.

सीडी४ दोन पेशींना चिकटवून ठेवतं, असं अजूनही सर्रास शिकवलं जातं. मला ते पटत नाही, कारण एमएचसीवरची त्याची पकड कमालीची सैल आहे. टीसीआर, एमएचसी आणि सीडी४ या तिघांची एकत्रित रचना २०१२ मध्ये मिळाली, तीही पकड मुद्दाम वाढवलेलं सीडी४ वापरून. तीत टीसीआर आणि सीडी४ यांची कमान दिसते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. मधल्या जागेत सीडी३ मावतं.

एचआयव्हीच्या आवरणावरचं जीपी१२० हे प्रथिन मात्र हीच डी१ नॅनोमोलर ताकदीनं, म्हणजे फारच घट्ट, धरतं. डी१ वरचं ४३ क्रमांकाचं फिनाइलअ‍ॅलनिन त्याच्या पोकळीच्या तोंडाशी रुतून बसतं. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेलं इबालिझुमॅब हे एचआयव्हीविरोधी अँटिबॉडी औषध डी२ वर बसतं. विषाणू चिकटतो, पण आत शिरण्यासाठी लागणारे पुढचे बदल अडतात. एमएचसीची जागा मोकळीच राहते.

आता सीडी४ काउंटकडे, म्हणजे रक्तातल्या सीडी४ असलेल्या टी पेशींच्या मोजणीकडे. ती सीडी४ ला चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या अँटिबॉडीनं होते. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यावं आणि फ्रिजमध्ये न ठेवता खोलीच्या तापमानालाच ठेवावं. मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही थोडं सीडी४ असतं. केवळ सीडी४ वर गेट लावलं, म्हणजे मोजायच्या पेशी तेवढ्यावरूनच निवडल्या, तर त्याही मोजल्या जातात, म्हणून टी पेशींची खूण असलेलं सीडी३ सोबत हवंच. दुसरी अडचण क्वचितच येते, पण आली की सगळ्यांची झोप उडवते. ओकेटी४ हा मोजणीच्या अँटिबॉडीचा एक क्लोन (ठरावीक प्रकार) डी३ वर बसतो. काही निरोगी माणसांत नेमकी तीच जागा जनुकीय बदलामुळे वेगळी असते आणि काउंट शून्य येतो. अशा वेळी एकूण टी पेशींतून सीडी८ असलेल्या, म्हणजे दुसऱ्या मुख्य गटातल्या, टी पेशी वजा करून पाहावं. बाकी भरघोस उरली, तर पेशी बहुधा जागेवर आहेत, अँटिबॉडीच बसलेली नाही. डी१ ला धरणारा दुसरा क्लोन घेऊन नमुना पुन्हा चालवावा आणि तोवर अहवाल रोखून धरावा.