मागच्या सीटवर कोण बसणार?

श्रोतेहो, नमस्कार. कुटुंबासाठी सेडान, म्हणजे डिकीवाली गाडी, घ्यायची ठरली की घरात दोन तट पडतात. एकाला डिझायर हवी, दुसऱ्याला अमेझ. तिसरा म्हणतो, थोडं ताणून सिटी, व्हर्ना नाहीतर स्लाव्हिया का नको? मग ॲव्हरेज, पिकअप, स्क्रीन, सनरूफ यांवर रात्रीची जेवणं होतात. माझा प्रश्न मात्र पहिल्यापासून एकच आहे. मागच्या सीटवर कोण बसणार? पुन्हा सांगतो, मागच्या सीटवर कोण बसणार?

आधी चार मीटरचा हिशेब समजून घ्या. २००६ साली सरकारने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांचा कर कमी केला. डिझायर पूर्वी याहून लांब होती. २०१२ साली तिची शेपटी कापून ती ३९९५ मिलिमीटरची केली. अमेझ, ऑरा, टिगोर याच मापात बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे चार मीटरची रेघ ओलांडली की पैसे एकदम वाढतात. त्या पैशांत तुमच्या घराला नेमकं काय मिळतं, एवढंच पाहायचं.

आमच्या मिरजेच्या मामांनी हे कसं पाहिलं ते सांगतो. मामा गाणं शिकवतात. गावोगावी कार्यक्रम असतात आणि आजी प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर असते. नऊवारीत, दोन्ही गुडघे दुखरे, पण मैफल चुकवायची नाही. जुनी गाडी थकली तेव्हा मामांनी मला सांगितलं, "रविवारी ये, शोरूमला जायचंय." मी गेलो तर दारात टेम्पो उभा! त्यात खोळीत घातलेला पुरुषी तानपुरा, पेटी, तबला-डग्ग्याची बॅग, आजीची पिशवी. मामांच्या हातात शिंप्याची टेप. आजी घरात ज्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठते, त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची त्यांनी मोजून कागदावर लिहून घेतली होती.

शोरूममधला मुलगा गोंधळला. "काका, सामान कशाला आणलंय?"

मामा म्हणाले, "बाळा, गाडी मी चालवणार, पण राहणार ही मंडळी. त्यांना विचारल्याशिवाय कशी घेऊ?"

पहिली गाडी देखणी होती. कागदावर डिकीही मोठी. पेटी गेली, डग्गा गेला, पण तानपुऱ्याची दांडी काही केल्या जाईना. मागच्या सीटची पाठ पुढे पडत नव्हती, तेव्हा तानपुरा माणसाच्या जागेवरच आडवा ठेवावा लागणार. मग आजी बसली. छत मागे उतरतं होतं, त्यामुळे तिला मान वाकवून आत शिरावं लागलं. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर आले. मामांनी टेप लावली. सीट घरच्या खुर्चीपेक्षा चांगलीच खाली. उतरताना आजीने दाराची चौकट धरली, पण उठता येईना. मामांनी हात दिला तेव्हा उठली. म्हणाली, "गाडी झकास आहे रे, पण हिच्यातनं उतरायला मला दर वेळेला माणूस लागंल."

तिथून आम्ही सगळे दुसऱ्या शोरूमला. टेम्पो पाठीमागे. तिथल्या गाडीची मागची सीट साठ-चाळीस अशी दुभंगून पडायची. तानपुऱ्याचा भोपळा डिकीत, दांडी पडलेल्या बाजूने आत, आणि उरलेल्या बाजूला आजी ऐसपैस. सीटही थोडी उंच. आजी बाजूने टेकली, पाय आत घेतले, झालं. मग मामा म्हणाले, "आता सगळे बसा, सामानासकट." ड्रायव्हरच्या शेजारी शोरूमचा मुलगा, मागे आजी, मी आणि तानपुरा. मिरज रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाडी नेली. पोट घासलं नाही. आजी म्हणाली, "अजून एकदा ने." दुसऱ्यांदा नेली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले, कमरेला हादरा किती बसतो ते नीट कळावं म्हणून! मामांनी तीच गाडी घेतली, सनरूफ नसलेली. वाचलेल्या पैशांत तानपुऱ्याला नवी जवारी काढून घेतली, म्हणजे घोडी घासून सूर खुलवून घेतला.

गतिरोधकांवरून आठवलं. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असायला हवा. आपल्याकडे गल्लीत रातोरात हातभर रुंदीचे डांबराचे उंचवटे उगवतात, त्यांवर पांढरा पट्टाही नसतो. गाडी कंपन्यांना नावं ठेवण्याआधी या उंचवट्यांविरुद्ध नगरपालिकेत अर्ज द्या. मी देतो.

तर, डिकी. डिझायरची ३८२ लिटर, ऑराची ४०२, अमेझची ४१६. मोठ्या गाड्यांत सिटीची ५०६, स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१, व्हर्नाची ५२८. पण लिटर आत मोजतात आणि बॅग तोंडातून जाते. म्हणून डिकीचं तोंड किती उघडतं, झाकणाच्या बिजागऱ्या खाली येऊन बॅगेला दाबतात का, हे पाहा. स्वतःची सर्वांत मोठी बॅग घेऊन जा. सीएनजी घेणार असाल तर टाकी डिकीतच बसते. टिगोरमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी आडव्या ठेवल्यामुळे वर जागा उरते, इतरांत पुष्कळदा जवळजवळ उरतच नाही. रोज ऑफिसला जायचं असेल तर सीएनजी उत्तम. गणपतीला पाच माणसं कोकणात न्यायची असतील तर बॅगा कुठे ठेवणार ते आधी ठरवा.

आता एक गोष्ट मी दर भाषणात सांगतो आणि सांगत राहणार. मागच्या सीटवर पट्टा लावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. गाडी उत्तम होती. तेव्हा शोरूममध्ये मागच्या तिन्ही जागी बसून पट्टा ओढून पाहा. मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? सीटकव्हर घालताना बकल खाली दडपलं जातं, ते वर काढून घ्या. सुरक्षेचे तारे पाहायचे तर स्लाव्हिया, व्हर्टस, व्हर्ना आणि २०२४ ची डिझायर, या सगळ्यांना ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळालेत. हातात ब्रोशर घेतलं की आधी तेच पान काढा.

आणि एसीची बटणं स्क्रीनमध्ये कोंबलेली असतील तर मला ती गाडी नको. घाटात समोर धुकं आलं की काचेवर हवा सोडायला बोट न बघता बटणावर गेलं पाहिजे.

येत्या रविवारी जाणार असाल तर दुपारी जा, शोरूममध्ये गर्दी कमी असते. आजी-आजोबांना घेऊन जा, टेप न्या, बॅगा न्या. टेस्ट ड्राइव्हला घरातल्या एकाने चालवावी आणि गाडी ज्याच्या नावावर होणार त्याने मागे बसावं. पुढच्या आठवड्यात याच वेळी विम्याबद्दल बोलू. नमस्कार.