पाटी कोरी होते तेव्हा

मित्रहो, कार्टूनमधल्या मुलीवर व्याख्यान म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोन-तीन भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. असू द्या.

निकेलोडियनची ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही मालिका २०१२ ते २०१४ या काळात आली. चार पर्वं, ५२ भाग. नाव कोरा, पण पोरीची पाटी मुळीच कोरी नाही. दक्षिण ध्रुवावरची ही चिमुरडी भिंत फोडून आपल्यासमोर येते. पाणी, माती, आग तिन्ही नाचवत ‘अवतार मीच’ असं बजावते. अवतार म्हणजे पाणी, माती, आग आणि हवा या चारही तत्त्वांना वश करणारा, जन्मोजन्मी परतणारा एकमेव माणूस. आधीच्या मालिकेतल्या आंगला, म्हणजे हिच्या आधीच्या अवताराला, ही जबाबदारी नकोशी होती, हिला मिरवायची आहे. सतराव्या वर्षी रिपब्लिक सिटीत येते आणि पहिल्याच दिवशी गुंडांशी भिडून, रस्त्याची वाट लावून, पोलिसांच्या ताब्यात जाते.

घोडं अडतं चौथ्या तत्त्वापाशी, हवेपाशी. गुरू टेनझिन तिला फिरत्या फळ्यांमधून पानासारखं अलगद निसटायला सांगतो. जमत नाही म्हटल्यावर ती त्या पुरातन फळ्याच जाळून टाकते. मला ती इथेच आवडली. उपजत ताकद असलेल्याला वळसा घ्यायचा कमीपणा वाटतो, हे त्या एका प्रसंगात दिसतं.

पहिल्या पर्वाचा शेवट मात्र मला फसवा वाटतो. खलनायक अमोन तिची शक्ती हिरावतो, ती रडते, आणि आंग प्रकट होऊन सगळं परत देतो. पेपर न तपासताच पास! दुसऱ्या पर्वात आधीच्या सगळ्या अवतारांशी असलेला तिचा दुवा तुटतो. आता पाटी खरंच कोरी, आणि या वेळी परत द्यायला कोणी येत नाही.

तिसऱ्या पर्वात झहीर या अराजकवाद्याची टोळी तिच्या अंगात पाऱ्यासारखं चकाकणारं धातूचं विष भिनवते. जिचा पारा कायम चढलेला, ती पोर चाकांच्या खुर्चीत. इथे लेखकांनी घाई केली नाही. कथेतली तीन वर्षं जाऊ दिली. आंगची वृद्ध पत्नी कटारा तिला एकेक पाऊल टाकायला शिकवते. मित्रांपैकी पत्र लिहिते ती फक्त असामी या मैत्रिणीला. एकटीच निघते, शहराच्या किनाऱ्यापर्यंत पोचते आणि माघारी वळते. केस कापते. पैजेच्या कुस्तीत साध्या भिडूकडून मार खाते. साखळदंड लोंबणारी तिचीच सावली सतत मागे.

दलदलीत भेटलेली म्हातारी टॉफ, आंगची जुनी सोबतीण, तिला बोलून बोलून बेजार करते, पण उरलेलं विष काढून देत नाही. ते काम कोराचंच. ती करतेही. एखादा लेखक इथेच थांबला असता. पण चौथ्या पर्वातली हुकूमशहा कुविरा हिच्याशी लढताना ऐन क्षणी ती सावली पुन्हा समोर उभी, आणि कोरा हरते. विष निघालं, भीती नाही.

मग ती तुरुंगात झहीरसमोर जाऊन उभी राहते. आधी त्याच्यावर ओरडते, आणि ते बरंच झालं. ती खोड गेली असती तर मला ही पोर ओळखूच आली नसती. नंतर त्याच्याच सांगण्यावरून डोळे मिटून ध्यानाला बसते.