रूळ किनाऱ्याने, गावं डोंगरावर

(एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दक्षिण इटली ट्रेनने बघावी की गाडी भाड्याने घ्यावी, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आज सगळ्यांसमोर एकदाच सांगून टाकतो. दोन्ही. पण ट्रेन कुठे सोडायची आणि गाडीची किल्ली कुठे हातात घ्यायची, हे ज्याला कळलं त्याची सहल सुखाची. बाकीचे नेपल्सच्या ट्रॅफिकमध्ये अडकून नवरा-बायको एकमेकांवर ओरडत बसतात.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधोमध अपेनाइन्सचे डोंगर, वरपासून खालपर्यंत. रेल्वे पश्चिमेच्या किनाऱ्याने नेपल्स, सालेर्नो, पाओला करत रेज्जो कलाब्रियापर्यंत जाते. पूर्वेच्या किनाऱ्याने पेस्कारा, फोज्जा, बारी, ब्रिंदिसी, लेच्चे. बुटाच्या तळव्याला तिसरी लाइन आहे, तारांतोकडून रेज्जोपर्यंत, पण ती निवांत माणसाची. हे किनारे जोडणाऱ्या आडव्या लाइनी थोड्या आणि संथ. नेपल्स ते बारी वेगवान मार्गाचं काम चालू आहे, तो पूर्ण झाला की चित्र बदलेल. पण गावं? जुनी, बघण्यासारखी बहुतेक गावं डोंगरावर.

याला कारण आहे. इथला सखल किनारा शेकडो वर्षं दलदलीचा होता. खाली हिवताप आणि समुद्रावरून येणारे चाचे, म्हणून लोक वर चढून बसले. १८६१ साली इटली एकत्र आली आणि नव्या राज्याने घाईने रेल्वे टाकायला घेतली. रूळ सपाटीवरून नेणं स्वस्त, म्हणून ते त्याच दलदलीतून गेले. स्टेशन खाली, गाव वर. आपल्या कोकण रेल्वेवर राजापूर रोडला उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तिकडे अशा स्टेशनाच्या नावापुढे बऱ्याचदा ‘स्कालो’ लावतात. बासिलिकाता प्रांतात तर एका स्टेशनाचं नाव ग्रास्सानो-गारागुसो-त्रिकारिको आहे. तीन गावांची नावं, आणि उतरल्यावर तिन्हीपैकी एकही गाव समोर नाही!

हिवतापाचा विषय निघालाय तर एक आडवळण घेतो, कारण त्याचा एक धागा भारतात आहे. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉसला सापडला तो १८९७ साली, सिकंदराबादला. पुढच्याच वर्षी इटलीत जोवान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाचा हिवताप अ‍ॅनॉफिलीस डास पसरवतो. मग १९०० च्या उन्हाळ्यात ग्रास्सीने सालेर्नोच्या दक्षिणेला, कपाच्चोच्या मैदानात, रेल्वे कामगारांच्या घरांच्या दारं-खिडक्यांना तारेच्या जाळ्या बसवल्या. संध्याकाळ झाली की घरात जायचं, एवढीच अट. जाळीतली माणसं जवळजवळ सगळी ठणठणीत राहिली, आजूबाजूची तापाने फणफणली. खिडकीला जाळी मारली की हिवताप टळतो, हे या रेल्वे लाइनीवरच्या बिऱ्हाडांनी दाखवून दिलं. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं आणि या दोघांचं भांडण पुढे बरीच वर्षं चाललं. ते राहू द्या.

त्याच मैदानात पेस्टुम आहे. माझं मत विचाराल तर ट्रेनने करण्याजोगं दक्षिणेतलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात भारी ठिकाण. सालेर्नोहून साधी लोकल धरायची, अर्ध्या-पाऊण तासात उतरायचं. स्टेशनाबाहेर सरळ रस्ता आहे, तो जुन्या तटबंदीच्या दरवाजातून आत जातो, आणि थोडं चाललं की ग्रीकांची तीन देवळं उभी. सगळ्यात जुनं इसवी सनापूर्वी साधारण ५५० चं, सगळ्यात नवं ४५० च्या आसपासचं. जुन्या देवळाचे खांब नीट बघा: मधे फुगलेले, वर एकदम निमुळते आणि माथ्यावर भाकरीसारखी चपटी उशी. शंभर वर्षांनंतरच्या देवळात तीच उशी आखडून ताठ झालीय. एका नजरेत एक शतक दिसतं. भोवती म्हशींचे गोठे आहेत आणि त्या दुधाचं मोझरेला तिथे ताजं मिळतं. इथे शाकाहारी मंडळींना सांगून ठेवतो: दूध म्हशीचं असलं तरी ते वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजवतात. खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता ट्रेनबद्दल. जलद गाड्या दोन कंपन्यांच्या. सरकारी त्रेनितालियाची फ्रेच्चारोस्सा आणि खासगी इतालो. रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आत. त्यांचं तिकीट विमानासारखं, लवकर काढाल तेवढं स्वस्त. ‘रेजोनाले’ म्हणजे साधी गाडी. तिचं भाडं ठरलेलं, महिनाभर आधी काढून काहीच वाचत नाही. पण तिचं कागदी तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून छाप मारून घ्यायचं. मोबाइलवर काढलंत तर त्यात चेक-इन करायचं. ते विसरलात तर खिशात तिकीट असूनही दंड होतो, आणि टीसीला आपली गोष्ट ऐकण्यात रस नसतो. संपाचंही लक्षात ठेवा. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल सोडाव्याच लागतात. त्या बेताने निघालं तर संपाच्या दिवशीही माणूस पोचतो.

रोम ते नेपल्स मी जलद गाडीने जाऊ नका म्हणेन, निदान एकदा तरी. जुन्या लाइनीने, कासिनोमार्गे जा. बहुधा कासिनोला गाडी बदलावी लागते, दुपटीहून जास्त वेळ लागतो. लागू दे. १९४४ च्या लढाईनंतरचं मोठं युद्धस्मशान तिथे आहे, स्टेशनपासून फार लांब नाही. त्याच आवारात, ज्यांची थडगी कुठे आहेत ते ठाऊक नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांचं स्मारक आहे. त्यात एक नाव नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा मुलगा, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा, वय २२. १० जुलै १९४४ रोजी उत्तरेकडे, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीतले सगळे जण मशीनगनच्या माऱ्यात पडले. हा एकटा त्या गनवर धावून गेला. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटी बंदुकीचा दस्ता. ठाणं घेतलं आणि तिथेच आडून आलेल्या गोळ्यांनी तो गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे, तो आपल्यापैकी काहींनी गोव्याला जाताना पाहिलाही असेल. इटलीतलं नाव मात्र आपल्या लोकांपैकी फार थोडे जण शोधत जातात. जा, एवढंच म्हणेन.

बरं, गाडी. पहिला नियम: नेपल्समध्ये गाडी घ्यायची नाही, घेतलीच तर शहरात आणायची नाही. पाँपेई, हर्क्युलेनियम, सोरेंतोला चिर्कुमवेसुव्याना नावाची लोकल जाते. कळकट आहे, गर्दी आपल्या संध्याकाळच्या कर्जत लोकलची आठवण करून देते, पाकीट सांभाळा, पण पाँपेईला थेट अवशेषांच्या दारात सोडते. अमाल्फीचा रस्ताही बसला किंवा सालेर्नोहून बोटीला सोडून द्या. तिथे उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवसांत नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यावर गाड्या सोडतात, आणि एका वळणावर समोरून बस आली की मागे घ्यावी लागते ती तुम्हालाच.

गाडी घ्यायची ती बारीच्या किंवा ब्रिंदिसीच्या विमानतळावर. ट्रेनने बारीला या, तिथून विमानतळाला पुन्हा ट्रेन आहे. विमानतळावर गाडी घेतली की शहराच्या बोळात न शिरता थेट मोठ्या रस्त्याला लागता, आणि उजव्या बाजूने चालवायचा हात बसायला तासभर मिळतो. इथून निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, अर्ज फॉर्म ४-ए. ते एक वर्ष चालतं आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच. काउंटरवर क्रेडिट कार्ड मागतात, तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स, ही जोडी तिथे चालत नाही. गाडी लहान मागा. फियाट पांडा मिळाली तर नशीब समजा. ती नेपल्सशेजारच्या पोमिल्यानो दार्कोच्या कारखान्यात बनते आणि तिथल्या गल्ल्यांच्या मापाचीच आहे. चार मोठ्या बॅगा तिच्यात मावणार नाहीत, तेव्हा चिवड्याचे डबे कमी करा. पंपावर ‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. हे पाठच करा, कारण दुसरा शब्द गॅसोलिनसारखा वाटून भलतंच भरलं जातं.

आणि आता ते तीन अक्षरी प्रकरण, झेडटीएल. जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग. पांढऱ्या गोल पाटीला लाल कड, खाली बारीक अक्षरांत वेळा, वर कॅमेरा. काही ठिकाणी दिव्यांची पाटी असते, तिच्यावर ‘वार्को आत्तीवो’ असं उमटतं. आपल्याला वाटतं, चालू आहे म्हणजे जाता येईल. चालू असतो तो कॅमेरा! आत्तीवो दिसलं की आत जायचं नाही. पोलीस अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, तुम्ही मजेत आइस्क्रीम खाऊन परत येता. कित्येक महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवला म्हणून गाडीवाली कंपनी त्याचे वेगळे पैसे आधीच कापून बसलेली असते. एकाच कमानीतून दोनदा गेलात तर दंडही दोनदा. हॉटेल आतल्या भागात असेल तर आधी फोन करून विचारा, काही हॉटेलं तुमचा नंबर पालिकेकडे नोंदवून देतात. नाहीतर बाहेर लावा आणि चाला. पार्किंगचं सोपं आहे: पांढरे पट्टे फुकट, निळे पैसे भरून, पिवळे आपले नव्हेत.

गाडीचं खरं सुख मातेराच्या वाटेवर. बारीहून मातेराला छोटी रेल्वे आहे, ९५० मिलिमीटर गेजची, राष्ट्रीय जाळ्यापासून वेगळी. राष्ट्रीय लाइनीला जोडणारा फाटा कित्येक दशकं रखडला. मातेरात खडकात कोरलेल्या घरांची वस्ती आहे, सास्सी. एकाच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्याचा रस्ता. १९५० पर्यंत तिथे माणसं आणि गाढवं एकाच गुहेत राहत होती. १९५२ च्या कायद्याने सरकारने त्यांना उठवून नव्या वसाहतींत नेलं, गुहा ओस पडल्या, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या, आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. ज्या घरांची देशाला लाज वाटत होती त्यांत आज रात्रीचे भरमसाट पैसे घेऊन पाहुणे झोपवतात. मला त्या गुहांमधलं मोठं स्नानगृह बघून जरा कसंतरीच होतं. तुम्हाला आवडेलही.

खाली कलाब्रियात जायचं तर सालेर्नोपासून रेज्जोपर्यंतचा ए-२ महामार्ग टोलशिवाय आहे. बोगदे आणि पूल, पूल आणि बोगदे. पण सिसिलीला जाताना पुन्हा ट्रेनमध्ये बसा, इतकं माझं ऐका. विला सान जोवान्नीला डबे सुटे करून, तुकड्यातुकड्याने बोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात. १८९९ पासून हे चालू आहे. धक्के बसतात, साखळ्या खणखणतात, दिवे जातात-येतात. मग लोक डब्यातून उतरून लोखंडी जिन्याने वर डेकवर येतात आणि अरंचिनी खातात, म्हणजे भाताचे तळलेले गोळे. आत खिमा असतो, पालकाचाही मिळतो, विचारून घ्या. सामुद्रधुनी अरुंद जागी तीनेक किलोमीटर आहे, वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे मेस्सिना. पण डबे चढवणं, उतरवणं, पुन्हा जोडणं धरून दीड-दोन तास जातात. पुलाची चर्चा अनेक पिढ्या चालू आहे, ३.३ किलोमीटरच्या एकाच गाळ्याचा पूल. तो होईल तेव्हा होईल, बोट आहे तोवर बसून घ्या.

मागून प्रश्न आलाय, महिना कोणता? मे किंवा ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये अजिबात नको. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो, अख्खी इटली समुद्रावर असते आणि खोलीचे भाव आकाशाला भिडतात.

आणि या बाईंनी विचारलंय, गाडी दुसऱ्या गावात सोडता येते का? येते, पण वेगळे पैसे पडतात आणि ते बुकिंगच्या वेळीच बघायचे. गावातल्या कचेऱ्या दुपारी एकनंतर दोन-तीन तास बंद असतात, रविवारी बऱ्याचदा उघडतच नाहीत. म्हणून परतही विमानतळावरच करा. जवळच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा, आणि किल्ली देण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, चाकांचेसुद्धा.