डोळे दिपतात तेव्हा गोष्टीचं काय होतं?

(सोलापुरात चित्रपट रसास्वादावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, भव्य चित्रपट सुटला की बाहेर पडणाऱ्या गर्दीत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, 'काय घेतलंय राव!' आणि दुसरं, 'स्टोरीत दम नाही.' पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. तो माणूस गोंधळलेला नसतो, त्याचं दोन्ही खरं असतं. प्रश्न एवढाच की पहिल्या वाक्यामुळे दुसरं माफ करावं का.

आधी एक आठवण करून देतो. 'बाहुबली'चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घराघरांत बोलली जाते, त्यामुळे हा चित्रपट समजायला इथे अनेकांना डबिंगची गरज नव्हती. प्रचंड धबधबा, माहिष्मतीचे महाल, हजारोंचं सैन्य असा सगळा थाट त्यात होता, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. दुसरा भाग आला एप्रिल २०१७ मध्ये. मधली पावणेदोन वर्षं चहाच्या टपरीवर लोक काय विचारत होते? कटप्पाने बाहुबलीला का मारलं? धबधबा कसा केला हे विचारणारे थोडे. लोकांना थिएटरात खेचलं दृश्यांनी, पण त्यांना धरून ठेवलं एका माणसाच्या न उलगडलेल्या कृतीने.

म्हणून सरळसोट कथेला मी दोष मानत नाही. आपला सिनेमा सुरूच झाला तो सगळ्यांना पाठ असलेल्या कथांवर. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' १९१९ चा. कृष्ण जिंकणार हे तिथल्या प्रत्येक प्रेक्षकाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याला डोहात काय झालं ते बघायचं होतं. पुढे १९३६ मध्ये प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी वैकुंठगमन दाखवलं. गरुडाचं विमान येतं, तुकोबा जातात. ती ट्रिक आज पाहिली तर सांधे दिसतात. तरीही प्रसंग भिडतो, कारण जिजाई खाली राहते. तुकोबा तिला चल म्हणतात, आणि तिला पोराबाळांचं, चुलीचं पडलेलं आहे. ते विमान आकाशात जातं त्यापेक्षा तिच्यापासून दूर जातं, हे आपल्याला जास्त जाणवतं. ट्रिकने कथेचं काम केलं म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

आता ज्या चित्रपटावरून हा वाद सगळ्यात जास्त झाला त्याकडे येऊ. जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार', २००९. नऊ ऑस्कर नामांकनं आणि तीन पुरस्कार: कलादिग्दर्शन, छायाचित्रण आणि दृश्य परिणाम. पटकथेला नामांकनसुद्धा नाही. चार वर्षांनी आलेल्या 'ग्रॅव्हिटी'ला सात ऑस्कर मिळाले, आणि त्याच्याही पटकथेला नामांकन नव्हतं. कागदावर दोघांची जात एकच. पडद्यावर मात्र मोठा फरक आहे.

'ग्रॅव्हिटी'ची कथा एका ओळीत संपते: अंतराळात अडकलेल्या बाईला पृथ्वीवर परतायचंय. पण उपग्रहांचे तुकडे कक्षेत फिरून दर दीड तासाने परत येणार, हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. ती बाई मनगटावरचं घड्याळ त्या वेळेला लावते. तेव्हापासून पृथ्वीचं प्रत्येक विलोभनीय दृश्य म्हणजे उलटमोजणी होऊन बसतं. सौंदर्य आणि धोका एकाच चौकटीत. इथे कथेतून दृश्यं वेगळी काढायची म्हटली तर कथाच उरत नाही.

'अवतार'मध्ये हे काही ठिकाणी साधतं, काही ठिकाणी नाही. साधतं ते असं. नायक जेक सैनिक होता, आता त्याचे पाय लुळे पडलेत, चाकाच्या खुर्चीत आहे. परग्रहावरच्या रहिवाशांसारखं एक निळं शरीर त्याला मनाने चालवायला मिळतं. त्या नव्या शरीरात तो पहिल्यांदा जागा होतो, अंगावरच्या वायरी ओढून टाकतो, डॉक्टर थांब म्हणत असताना धडपडत बाहेर पडतो आणि धावत सुटतो. मग थांबतो आणि पायाची बोटं मातीत रुतवतो. संवाद जवळपास नाहीच. हा माणूस पुढे आपल्या लोकांविरुद्ध का जाईल, ते त्या बोटांवरून समजतं. तिथे ते शरीर खोटं वाटलं असतं, बोटांखालची माती दबली नसती, तर पुढच्या दोन तासांवर विश्वास बसला नसता. दृश्य परिणामांचा याहून चांगला उपयोग मला क्वचितच दिसलाय.

आणि जिथे साधत नाही तेही बघा. खलनायक कर्नल पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत तसाच. त्याला कधी प्रश्न पडत नाही, म्हणून आपल्यालाही पडत नाही. शेवटच्या लढाईत बाजी पालटते ती जंगलातल्या प्राण्यांच्या धाडीने. आधी जेकने झाडापाशी केलेली विनवणी दाखवली आहे, म्हणजे पेरणी केलेली आहे हे मान्य. पण निर्णायक क्षण नायकाच्या हातातून निसटतो. ही गाठ दृश्यांनी सुटत नाही, कारण ती दिसण्याची नाही, करण्याची आहे. पात्राने काय निवडलं, त्यासाठी काय गमावलं, एवढी एक गोष्ट कितीही रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून चित्रं तयार करून घेणं, केलं तरी उसनी आणता येत नाही.

आता थोडं कारागिरीबद्दल, कारण 'व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) वाईट आहे' असं आपण ज्याला म्हणतो ते अनेकदा पटकथेचं दुखणं असतं. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६. प्रत्येक चौकटीत कॅमेऱ्याची हालचाल जुळवायची, नटाची कड कापून काढायची, मॉडेल, प्रकाश, रेंडर आणि शेवटी कंपोझिटिंग, म्हणजे हे सगळे थर एका चित्रात बेमालूम जोडणं. हिरव्या पडद्यासमोर नट काठीला लावलेल्या चेंडूकडे बघत असतो, कारण संगणकावरचा राक्षस तिथे नंतर येणार असतो. चित्रीकरणानंतर राक्षसाची उंची बदलली तर नटाची नजर राक्षसाच्या पोटाशी राहते. प्रकाश डावीकडून टाकलेला असतो आणि नवा सूर्य उजवीकडे येतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकतंय हे कळतं. म्हणून प्रीव्हिज, म्हणजे हलत्या कच्च्या चित्रांत आख्खा प्रसंग आधी उभा करणं. कथेतलं भोक तिथे बुजवणं सगळ्यात स्वस्त.

पाणी तर फार अवघड. लहान प्रतिकृती बुडवून मोठं जहाज दाखवायचं तर कॅमेरा वेगाने चालवावा लागतो. हिशेब वर्गमुळाचा आहे: प्रतिकृती एक चतुर्थांश असेल तर दुप्पट, म्हणजे ४८ चौकटी, एक सोळांश असेल तर चौपट, ९६. मग पाणी जड वाटतं. पण थेंबाचा आकार काही लहान करता येत नाही, आणि छोटी प्रतिकृती तिथेच पकडली जाते. संगणकावर केलेल्या पाण्यातही कस लागतो तो वजनाचाच. मोठी वस्तू पटकन थांबली, पटकन वळली, तर ती पुठ्ठ्याची वाटते.

लढाईच्या प्रसंगात सर्रास होणारी चूक वेगळीच. हजारो सैनिक, पण कुठला दरवाजा पडला तर किल्ला जाईल ते प्रेक्षकाला माहीत नसतं. आधी एक रुंद शॉट हवा आणि त्यात ओळखीची एक खूण: बुरूज, झाड, काहीही. काही कट्सनंतर त्या खुणेकडे परत यायचं. दोन फौजांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने उगाच ओलांडायची नाही. एवढं पाळलं तर पन्नास माणसांची लढाईही श्वास रोखायला लावते.

संगणकाचा थाट न करता हेच करून दाखवणारं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. 'सैराट' (२०१६), करमाळा आणि परिसरात चित्रित झालेला, शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट. गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, घरच्यांचा विरोध. याहून वापरलेली कथा नाही. पूर्वार्धात विहीर, शेतं, स्लो मोशन, मोठ्या वाद्यवृंदाची गाणी. उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी, अरुंद खोली, आणि संगीत जवळजवळ गायब. तो पहिला थाट नुसता सजावटीचा नव्हता. या दोघांनी काय गमावलं ते उत्तरार्धात शब्दांशिवाय कळावं म्हणून तो आधी दिलेला होता. अनेकांना उत्तरार्ध लांबल्यासारखा वाटतो. मला तो लांबणच चित्रपटाचा प्रामाणिकपणा वाटतो.

दृश्यांच्या भरवशावर उभ्या चित्रपटाची आणखी एक अडचण, जी समीक्षेत क्वचितच कुणी लिहितं. पडद्याचा उजेड. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पांढऱ्या पडद्याची चकाकी ४८ निट (चकाकी मोजायचं एकक) हवी. थ्रीडीत फिल्टर आणि चष्म्यामुळे ती एक तृतीयांशावर येणं नेहमीचं. झेनॉन दिवा जुना झाला, प्रोजेक्शनच्या खिडकीची काच पुसलेली नसली, तर आणखी घट. एखाद्या ठिकाणी साध्या खेळालाही थ्रीडीचा फिल्टर लेन्सपुढे तसाच राहतो. रात्रीचे प्रसंग करडे, धुरकट दिसले तर चित्रपटाला नावं ठेवण्याआधी मध्यंतरात व्यवस्थापकाला भेटा आणि फिल्टर बाजूला आहे का एवढं विचारा. जिथे सगळा डोलारा दृश्यांवर, तिथे प्रेक्षकाला अर्धा चित्रपट मिळणं हा अन्याय आहे.

इथे लघुपट करणारी काही मुलंमुली बसली आहेत. तुमच्याकडे दहा इफेक्ट शॉट्सचे पैसे असतील तर ते सुरुवातीच्या टायटलवर उधळू नका. पटकथेत पात्र जिथे मागे फिरू शकत नाही ते पान शोधा, सात शॉट तिथे ठेवा. उरलेले तीन त्याच्या आधी, त्या जगाचे नियम दाखवायला: काय जळतं, काय बुडतं, कुठून पडलं तर माणूस मरतो. हे नियम एकदा दाखवले की शेवटपर्यंत मोडायचे नाहीत, निर्माता कितीही म्हणाला तरी.