कोबी चिरल्यावर थोडं थांबा

नमस्कार, श्रोतेहो. जांभळी नाक्यावरून कोबीचा गड्डा आणायचा, सकाळी चिरायचा आणि लगेच कढईत टाकायचा. ठाण्यात डबा असाच होतो, कारण लोकल गाठायची असते. पण या घाईत कोबीतलं मोलाचं काही हातचं जातं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून बचावासाठी काय आणि कसं खावं, तेच आज पाहू.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात आणि त्यांच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. सुरी फिरली की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट तयार होतात. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे त्यांपैकीच. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ही द्रव्यं दाह, म्हणजे आतली सूज, वाढवणारे संकेत दाबतात. मात्र हे विकर उष्णतेनं निकामी होतं. म्हणून भाजी बारीक चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग झाकण घालून वाफेवर शिजवा. उकडून पाणी ओतून दिलंत, तर द्रव्यं मोरीत गेली.

वेळच नसेल तर भाजी कोमट झाल्यावर पाव चमचा कच्ची मोहरी फेसून मिसळा. फोडणीत तडतडलेली चालणार नाही, तिचं विकर तेलातच संपलेलं असतं. काकडीच्या कोशिंबिरीत घालतात ती, नाकात झिणझिण्या आणणारी मोहरी हवी. लसूणही ठेचून 10 मिनिटं ठेवावा.

तरीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत माणसांमधला जास्त भक्कम पुरावा या द्रव्यांचा नाही, अख्ख्या धान्याचा आणि चोथ्याचा, म्हणजे फायबरचा आहे. न पचलेला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन, आणि दाहही तेच आवरतं. दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास चोथा पोटात जायला हवा. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण 5 ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतही जवळपास तेवढाच. पांढऱ्या भातात मात्र जेमतेम. एकदम वाढवलात तर पोट फुगतं, गुबारा धरतो आणि माणूस दोन दिवसांत सगळं सोडून देतो. आठवड्याला 5 ग्रॅम वाढवा, पाणीही वाढवा. आतड्याला सूज येण्याचा आजार किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हळदीबद्दल विचारलं जातंच. तिच्यात कुरकुमिन हे पिवळं द्रव्य साधारण 3 टक्के, आणि तेही रक्तात फार कमी उतरतं. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. पण जास्त मात्रेच्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे.

आणि शौचात रक्त दिसलं, पोटाची सवय काही आठवडे बदललेली राहिली किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं, तर मूळव्याध म्हणून मलम लावत बसू नका. पॉलिप, म्हणजे आतड्यातली सुरुवातीची गाठ, कर्करोगात बदलायला बहुधा 10 वर्षांच्या आसपास लागतात, आणि तोवर ती बहुतेकदा दुर्बिणीच्या तपासणीतच काढून टाकता येते.