परवाना नसलेली गायिका

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या गायिकेचे चरित्र रंगमंचावर आणताना नाटककार बहुधा बालपणापासून निघतो आणि टाळ्यांच्या कडकडाटाशी येऊन थांबतो. लॅनी रॉबर्टसन यांचे ‘लेडी डे ॲट एमर्सन्स बार अँड ग्रिल’ हे १९८६ साली अटलांटा येथे प्रथम सादर झालेले नाटक तसे करत नाही. ‘लेडी डे’ म्हणून ओळखली जाणारी अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे हिची एकच रात्र त्यात आहे. काळ मार्च १९५९, स्थळ फिलाडेल्फियातला एक लहानसा बार. ती गाते, मध्येच बोलू लागते, पेला भरते आणि पुढचे गाणे विसरते.

एवढी मोठी गायिका अशा बारमध्ये का, याचे उत्तर एका सरकारी कागदात आहे. १९४७ साली अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला तुरुंगवास झाला आणि त्यापायी न्यूयॉर्कमध्ये मद्य विकले जाणाऱ्या जागी गाण्यासाठी लागणारा पोलिसांचा परवानाही गेला. सुटकेनंतर, मार्च १९४८ मध्ये, तिने न्यूयॉर्कचे प्रख्यात संगीतसभागृह कार्नेगी हॉल खच्चून भरवले. त्याच शहरातले क्लब मात्र तिला बंदच राहिले, कारण क्लबात दारू मिळत असे आणि कार्नेगी हॉलमध्ये मिळत नसे!

वाद्यवृंदप्रमुख आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वादकांबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेत दौऱ्यावर असताना एका उपाहारगृहात तिला स्वच्छतागृह वापरू दिले नाही, हा प्रसंग ती नाटकात चक्क विनोदी किस्सा म्हणून रंगवते आणि प्रेक्षक खळखळून हसतात. कृष्णवर्णीयांना झुंडीने फासावर लटकवण्याविषयीचे, तिने १९३९ पासून गायलेले ‘स्ट्रेंज फ्रूट’ याच नाटकात ऐकताना त्या हसण्याची लाज वाटते.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर अभिनेत्री-गायिका ऑड्रा मॅकडॉनल्ड यांनी ही भूमिका केली आणि तिथल्या नाटकांना दिला जाणारा टोनी पुरस्कार सहाव्यांदा मिळवला. त्यांचा स्वतःचा गळा शास्त्रोक्त पाश्चात्त्य गायकीत तयार झालेला, भरदार. बिलीचा आवाका लहान. तिची सारी किमया शब्द लयीच्या किंचित मागे ठेवण्यात, आपल्याकडे ज्याला लयीशी खेळणे म्हणतात त्यात. कमावलेला आवाज असा आवरून धरणे मला नक्कल साधण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटते.

नाटक मार्चमध्येच संपते. जूनमध्ये बिलीला रुग्णालयाच्या खाटेवरच अटक झाली आणि १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, ती तेथेच वारली. परवाना अखेरपर्यंत मिळाला नव्हता.